एका सत्रात पुरा होणारा गेम: विद्यार्थी गटांसाठी सविस्तर मार्गदर्शन

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात रेडमंड येथे डिजिपेन नावाची संस्था आहे. तेथील विद्यार्थ्यांच्या एका गटाने 2005 मध्ये अभ्यासक्रमाचा प्रकल्प म्हणून ‘नारबॅक्युलर ड्रॉप’ हा गेम तयार केला. त्यातील राजकन्येला गुडघेच नसल्यामुळे तिला उडी मारता येत नाही. मात्र भिंतीवर, जमिनीवर किंवा छतावर दोन दारे उघडून एका दारातून शिरायचे आणि दुसऱ्यातून बाहेर पडायचे, एवढे खेळाडूला करता येते. संस्थेच्या नोकरी मेळाव्यात हा गेम व्हॉल्व्ह या गेम कंपनीच्या लोकांनी पाहिला, गटाला कामावर घेतले आणि 2007 मध्ये त्याच कल्पनेतून ‘पोर्टल’ हा जगभर गाजलेला गेम बाहेर पडला. ही गोष्ट गेम डिझाइन शिकणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांनी ऐकलेली असते. पण ती सांगताना नोकरीवर जेवढा भर दिला जातो, तेवढा राजकन्येच्या नसलेल्या गुडघ्यांवर दिला जात नाही, आणि विद्यार्थ्याने खरे तर तेथेच थांबून विचार करायला हवा. त्या गटाने एक गोष्ट काढून टाकली आणि त्यामुळे उरलेल्या एका गोष्टीला संपूर्ण गेम पेलावा लागला.

पुढील मार्गदर्शन चार-पाच जणांच्या गटासाठी आहे, ज्यांच्या हाती सुमारे 16 आठवड्यांचे एक सत्र आहे आणि ज्यांना सत्राअखेर खेळता येण्याजोगा, पुरा झालेला गेम सादर करायचा आहे.

आधी तासांचा हिशेब मांडा

कल्पनेवर चर्चा सुरू करण्यापूर्वी गटाने एका कागदावर आकडेमोड करावी. पाच जण, प्रत्येकी आठवड्याला 8 तास आणि 16 आठवडे, म्हणजे 640 तास दिसतात. त्यातून गट जुळण्याचे पहिले दोन आठवडे, अंतर्गत परीक्षांचा एक आठवडा आणि गणपती-दिवाळीसारखा सणाचा एक आठवडा वजा केला की 480 तास उरतात. बैठका, एकमेकांचे काम जोडणे, चुका शोधणे आणि बिघडलेले पुन्हा बसवणे यांत त्याचा तिसरा हिस्सा सहज जातो, असे धरून चालावे. हाती उरतात 320 तास. एक लहान लेव्हल मांडून, तपासून, चित्र-आवाजासह नीट खेळण्याजोगी करायला 30 तास लागतात असे धरले, तर पात्राच्या हालचाली, मेनू आणि ध्वनी यांचे काम वगळता पाच-सहा लेव्हलींपुढे मजल जात नाही. दहा मिनिटांचा गेम हे या हिशेबाचे प्रामाणिक उत्तर आहे. ज्या गटाला हे उत्तर पहिल्या आठवड्यात मान्य होते, त्याचा गेम बहुधा पुरा होतो.

कल्पना शोधताना क्रियापद शोधा

कार्नेगी मेलन विद्यापीठात 2005 मध्ये चार पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ‘एक्सपेरिमेंटल गेमप्ले प्रोजेक्ट’ हाती घेतला होता. त्यांचे नियम असे होते: प्रत्येक गेम सात दिवसांच्या आत व्हावा, तो एकट्यानेच करावा आणि गुरुत्वाकर्षण, वनस्पती, झुंड अशा एखाद्या ठरलेल्या विषयाभोवती असावा. एका सत्रात त्यांनी पन्नासहून अधिक छोटे गेम तयार केले. त्यांतील ‘टॉवर ऑफ गू’ या गेममध्ये चिकट गोळे एकमेकांना जोडून उंच मनोरा उभारायचा होता. त्यातूनच 2008 मध्ये ‘वर्ल्ड ऑफ गू’ आला.

ही पद्धत कोणत्याही गटाला जशीच्या तशी वापरता येते. पहिल्या दोन आठवड्यांत गटातील प्रत्येकाने, ज्याला कोड येत नाही त्यानेही, एकेक नमुना एकट्याने करावा. चित्र काढणाऱ्याने तो कागदावर करावा, कोड लिहिणाऱ्याने चौकोन-वर्तुळांत करावा. मग पाचही नमुने एकत्र मांडून प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा: खेळाडू यात करतो काय? उत्तर क्रियापदात आले पाहिजे. ‘टॉवर ऑफ गू’मध्ये चिकटवणे, ‘नारबॅक्युलर ड्रॉप’मध्ये दार उघडणे. नेदरलँड्समधील उट्रेख्त येथील विद्यार्थ्यांनी 2006 मध्ये केलेल्या ‘दे ब्लॉब’मध्ये शहर रंगवत फिरणे. शिकागोच्या डीपॉल विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी 2010 मध्ये केलेल्या ‘ऑक्टोडॅड’मध्ये, माणसाच्या वेशात संसार करणाऱ्या ऑक्टोपसचे हातपाय सुटे सुटे हलवत साधी घरकामे पार पाडणे, तेथे चालण्याची धडपड हाच गेम आहे.

लगोरी आपण नवख्या मुलाला एका दमात समजावतो: चेंडूने लगोरी फोडायची आणि चेंडू अंगावर बसण्याआधी ती पुन्हा रचायची. तुमचा गेम असा एका वाक्यात सांगता येत नसेल आणि त्याऐवजी एखाद्या राज्याचा पाचशे वर्षांचा इतिहास सांगावा लागत असेल, तर तुमच्या हातात कथा आहे, गेम अजून नाही. कथेला माझा विरोध नाही. पण सत्राचे चार आठवडे कथालेखनात गेलेला गट पुढे हालचालींचा कोड घाईने लिहितो, आणि खेळाडूच्या हाताला आधी त्या हालचालीच जाणवतात.

चाळीस पानी आराखडाही लिहू नये. एक पान पुरते: क्रियापद, खेळाडूपुढील अडचण, जिंकण्याची व हरण्याची अट, आणि या गेममध्ये काय नसेल त्याची यादी. ही शेवटची यादी सर्वांत काळजीपूर्वक लिहावी.

कागदावर काय तपासता येते

पत्ते, आळीपाळीने खेळायचे डाव, नाणी-धान्य यांसारख्या साधनांची देवघेव, नकाशावरील वाटा आणि कोड्यांचा क्रम हे सारे कागद, सोंगट्या आणि शर्टाच्या बटणांनी एका दुपारी तपासता येते. एक जण संगणकाची भूमिका घेतो आणि नियमाप्रमाणे सोंगट्या हलवतो. उडीची गोडी किंवा नेमबाजीचा वेग मात्र कागदावर कळत नाही; त्यासाठी थेट इंजिनकडे, म्हणजे गेम बांधण्याच्या तयार सॉफ्टवेअरकडे, वळावे.

इंजिन आणि फायलींची शिस्त

इंजिन निवडताना गटातील सर्वांत दुबळा लॅपटॉप समोर ठेवा. गोडो हे मुक्त स्रोत इंजिन आकाराने लहान असते आणि साध्या लॅपटॉपवरही उघडते. द्विमितीय गेमसाठी विद्यार्थी गटाने ते प्रथम पाहावे. युनिटीचे शैक्षणिक साहित्य विपुल आहे आणि अनेक प्रयोगशाळांत ते आधीच बसवलेले असते. अनरिअलचे दृश्यरूप देखणे असले तरी ते कित्येक गिगाबाइट जागा आणि चांगले ग्राफिक कार्ड मागते. ज्या इंजिनमध्ये गटातील दोघांना आधीपासून गती आहे, ते इतर गुण-दोष बाजूला ठेवून निवडले तरी चालेल.

यानंतर पहिल्याच दिवशी गिट, म्हणजे फायलींतील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे साधन, सुरू करा. पेन ड्राइव्हवरून फिरणारे ‘फायनल’, ‘फायनल 2’ आणि ‘खरे फायनल’ अशा नावांचे फोल्डर हे सादरीकरणाच्या आदल्या रात्रीच्या संकटाचे नेहमीचे कारण असते. गिटमध्ये काय ठेवू नये हेही ठरवावे लागते: युनिटीतील ‘लायब्ररी’ फोल्डर आणि गोडोतील ‘डॉट-गोडो’ फोल्डर इंजिन स्वतः पुन्हा तयार करते, म्हणून ते वगळावेत. युनिटीच्या मेटा फायली मात्र कधीही वगळू नयेत, कारण कोणते चित्र कोणत्या वस्तूला जोडले आहे ही ओळख त्यांतच असते आणि त्या हरवल्या की सहकाऱ्याच्या संगणकावर सगळे दुवे तुटतात. गिटचे प्रकल्प इंटरनेटवर ठेवणाऱ्या गिटहबवर 100 एमबीहून मोठी एकेकटी फाइल साधेपणाने चढत नाही. मोठे ध्वनी आणि चित्रांच्या मूळ फायली यांच्यासाठी गिट एलएफएसची सोय वापरावी.

दोन जणांनी एकाच वेळी एकच सीन, म्हणजे गेमच्या एका भागाची फाइल, बदलला, तर तो जोडताना हमखास गोंधळ होतो. म्हणून गेमचे लहान लहान सीन करावेत: खेळाडू वेगळा, शत्रू वेगळा, प्रत्येक लेव्हल वेगळी. मग ‘तिसरी लेव्हल आज माझ्याकडे आहे’ असे गटाच्या व्हॉट्सॲपवर सांगून काम सुरू करण्याचा रिवाज ठेवावा. हा रिवाज साधा वाटतो, पण दोघांचे एका रात्रीचे काम तो वाचवतो.

करड्या ठोकळ्यांचा टप्पा

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यापर्यंत गेममध्ये एकही सुंदर चित्र येऊ देऊ नये. पात्र म्हणजे आयत, जमीन म्हणजे करडे ठोकळे. या अवस्थेत क्रियापद करून पाहायला मजा येत नसेल, तर रंग चढवल्याने ती येणार नाही.

हालचालीचा कोड लिहिताना पहिली चूक फ्रेमच्या, म्हणजे पडद्यावर एकामागून एक उमटणाऱ्या चित्रांच्या, वेगाशी संबंधित असते. पात्र दर फ्रेमला 5 पिक्सेल सरकावे असे लिहिले, तर 60 फ्रेमच्या पडद्यावर ते सेकंदाला 300 पिक्सेल धावते आणि परीक्षकांच्या 144 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 144 फ्रेमच्या, पडद्यावर 720. म्हणून दर फ्रेमचे अंतर काढताना वेगाला दोन फ्रेममधील काळाने, म्हणजे डेल्टाने, गुणावे. गोडोच्या ‘मूव्ह अँड स्लाइड’ या पात्र हलवण्याच्या सोयीला मात्र वेग दर सेकंदाच्या मापातच द्यायचा असतो; तेथे वेगाला पुन्हा डेल्टाने गुणले की पात्र जागचे हलत नाही असे वाटते आणि विद्यार्थी तासन्‌तास चूक शोधत बसतात. गुरुत्वाकर्षणामुळे वेगात होणारी वाढ तेवढी तेथेही डेल्टाने गुणावी लागते.

दुसरी गोष्ट खेळाडूला माफ करण्याची. कडेवरून पाय सुटल्यानंतरही सुमारे 0.1 सेकंद, म्हणजे 60 पैकी 6 फ्रेमपर्यंत, उडीचे बटण स्वीकारावे; याला कायोटी टाइम म्हणतात. तसेच जमिनीला टेकण्याच्या 0.1 सेकंद आधी दाबलेले बटण लक्षात ठेवून पात्र टेकताच उडी घ्यावी. या दोन सवलती खेळाडूला दिसत नाहीत, पण त्या नसल्या की ‘मी बटण दाबले होते’ अशी तक्रार प्रत्येक जण करतो, आणि ती तक्रार खरी असते. उडी चढताना थोडी सावकाश आणि उतरताना जलद ठेवून पाहा. बटण लवकर सोडल्यास उडी आखूड करून पाहा. प्रत्येक क्रियेला लहानसा आवाज याच टप्प्यात द्या, मग तो तोंडाने काढून मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलेला असला तरी चालेल.

हे सगळे आकडे कोडमध्ये विखुरलेले न ठेवता एका जागी, इंजिनच्या खिडकीतून बदलता येतील असे ठेवावेत. गटात ज्याला कोड येत नाही, त्यालाही मग उडीची उंची बदलून पाहता येते, आणि डिझाइनचे काम एकट्या प्रोग्रॅमरकडे अडकून राहत नाही.

परक्या माणसाच्या हातात गेम देणे

या संपूर्ण कामातील सर्वांत मोलाचा आणि सर्वांत टाळला जाणारा टप्पा हाच. पहिली चाचणी चौथ्या आठवड्यातच, करड्या ठोकळ्यांवर घ्यावी. वर्गमित्र नकोत, कारण त्यांनी तुमची कल्पना दहा वेळा ऐकलेली असते. वसतिगृहातील दुसऱ्या शाखेचे विद्यार्थी, ग्रंथालयातील कर्मचारी, घरातील भाऊ-बहीण किंवा आई असे पाच-सहा जण गोळा करावेत आणि त्यांतील किमान एक जण एरवी गेम न खेळणारा असावा.

खेळाडू बसला की गटाने बोलू नये. नियम समजावू नयेत, ‘डावीकडे बघ’ असे सुचवू नये, हसू नये, उसासा टाकू नये. गेम घरोघरी पोहोचतो तेव्हा त्याच्यासोबत तुम्ही जात नाही. म्हणून चाचणीतही तुम्ही तेथे नसल्यासारखे असले पाहिजे. हे फार अवघड जाते. मी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक गटात कोणी ना कोणी तिसऱ्या मिनिटाला तोंड उघडते, आणि त्या क्षणापासून चाचणी निरुपयोगी होते. एकाने वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: वेळ, जागा आणि खेळाडूने प्रत्यक्ष काय केले. ‘गोंधळला’ असे लिहू नये. ‘दाराला तीन वेळा धडकला, मग मागे फिरला’ असे लिहावे. परवानगी घेऊन हातांचे आणि पडद्याचे चित्रीकरण केले तर अधिक चांगले.

खेळ झाल्यावर ‘आवडला का?’ असे विचारण्यात अर्थ नाही, कारण आपल्याकडे समोरच्याला दुखवायचे नसते आणि उत्तर ‘मस्त आहे’ असेच येते. त्याऐवजी विचारावे: तुम्हाला काय करायचे आहे असे वाटले? कुठे सोडून द्यावेसे वाटले? मित्राला हा गेम कसा समजावून सांगाल? या शेवटच्या उत्तरात तुमचे क्रियापद आले नाही, तर ते गेममध्येही अजून पोहोचलेले नाही.

पाचपैकी तिघे एकाच ठिकाणी अडले, तर तो दोष लेव्हलीचा आहे, खेळाडूंचा नाही. अशा वेळी सूचनेची पाटी लावण्याचा मोह होतो. आधी जागा बदलून पाहावी. दरी रुंद आहे हे सांगण्याऐवजी त्याआधी एक अरुंद, निर्धोक दरी ठेवावी म्हणजे खेळाडू उडी तेथेच शिकतो. यासोबत पात्र मरते तेव्हा लेव्हलीचे नाव आणि स्थान एका साध्या मजकूर फाइलमध्ये नोंदवणारा दोन-तीन ओळींचा कोड घालावा. दहा जणांच्या नोंदी लेव्हलीच्या चित्रावर ठिपक्यांनी मांडल्या, की कोणता खड्डा अन्यायकारक आहे यावर गटात वाद उरत नाही.

काठिण्य ठरवताना गट नेहमी चुकतो, कारण गटाने तोच गेम शेकडो वेळा खेळलेला असतो. जेनोव्हा चेन यांनी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील आपल्या पदव्युत्तर प्रबंधासाठी 2006 मध्ये केलेला ‘फ्लो’ हा गेम या प्रश्नावर विचार करताना अवश्य खेळून पाहावा. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांच्या तल्लीनतेच्या सिद्धान्तावर तो आधारलेला आहे. त्यात पाण्यातला एक जीव इतर जीव खात खात खोल जातो. एक प्रकारची पेशी खाल्ली की तो खालच्या थरात उतरतो, दुसऱ्या प्रकारची खाल्ली की वर येतो. सोपे, मध्यम, कठीण असा मेनू नाही. खेळाडू खेळता खेळताच आपल्या पेलण्याइतकी अडचण निवडतो. तुमच्या गेममध्ये हेच साध्या रीतीने करता येते: पुढे जाण्याची वाट सोपी ठेवा आणि कसलेल्या खेळाडूसाठी अवघड जागी एखादी ऐच्छिक वस्तू ठेवा.

प्रत्येक चाचणीला नवी माणसे लागतात, कारण नवखेपणा एकदाच वापरता येतो. ओळखीची सगळी माणसे पहिल्याच चाचणीत संपवू नका.

छाटणी

आठव्या आठवड्यापर्यंत क्रियापद आणि त्याला लागणारी यंत्रणा पुरी व्हावी. दहाव्या आठवड्यानंतर नवे वैशिष्ट्य घालू नये, तेराव्यानंतर नवी लेव्हल नको. उरलेला वेळ चुका दुरुस्त करण्यासाठी आणि सफाईसाठी असतो आणि तोही अपुराच पडतो. छाटायची वेळ आली की मधल्या लेव्हली काढाव्यात; पहिली आणि शेवटची राखावी, कारण पहिलीने खेळाडू शिकतो आणि शेवटचीने गेम संपल्याचे समाधान मिळते.

मोठी कल्पना सोडून देववत नसेल, तर तिचा एक तुकडा पुरा करा. ‘आउटर वाइल्ड्स’ची सुरुवात ॲलेक्स बीचम यांच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील पदव्युत्तर प्रकल्पातून झाली, 2015 मध्ये त्याला इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि संपूर्ण गेम 2019 मध्ये बाहेर पडला. सत्राच्या मुदतीत जे पुरे झाले आणि पुढच्या वर्षांत जे वाढत गेले, ही दोन कामे वेगळी मानली तरच दोन्ही नीट होतात.

चित्र, आवाज आणि मराठी अक्षरे

चित्रकार एकच असेल, तर शैली त्याच्या तासांवरून ठरवा. इयन डॅलस यांनी विद्यार्थी असताना सुरू केलेल्या आणि 2012 मध्ये प्रकाशित झालेल्या ‘द अनफिनिश्ड स्वान’मध्ये सुरुवातीला सारे जग कोरे पांढरे दिसते, खेळाडू काळा रंग फेकतो तेव्हा भिंती आणि वाटा उमटतात. तेथे क्रियापद आणि चित्रशैली एकच आहे. तुमच्या गेममध्ये चार-पाच रंगांची ठरलेली पट्टी आणि एकाच जाडीची रेघ एवढे पाळले तरी तो एका हातचा दिसतो. बाहेरून घेतलेल्या प्रत्येक चित्राचा आणि ध्वनीचा परवाना त्याच दिवशी एका फाइलमध्ये नोंदवा. सीसी शून्य, म्हणजे निर्मात्याने आपले हक्क सोडून दिलेल्या, परवान्याचे साहित्य निर्धास्त वापरता येते. इंटरनेटवर सापडलेले चित्रपटगीत वापरता येत नाही, मग प्रकल्प शैक्षणिक असला तरी गेम प्रकाशित करताना ते अडचणीत आणते.

गेम मराठीत करायचा असेल, आणि तो जरूर करावा, तर अक्षरांची चाचणी तिसऱ्याच आठवड्यात घ्या. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि जोडाक्षरांचे आकार बदलतात. हे ज्या यंत्रणेला कळत नाही ती ‘शक्ति’, ‘विद्यार्थी’ आणि ‘ज्ञान’ मोडून दाखवते. गोडोच्या चौथ्या आवृत्तीपासून ही मांडणी बरोबर होते, तिसऱ्या आवृत्तीत होत नव्हती. युनिटीच्या टेक्स्ट मेश प्रो या मजकूर दाखवण्याच्या सोयीत मात्र ती आपोआप नीट होत नाही. तेथे वेगळे प्लगिन घ्यावे लागते किंवा मोजकीच वाक्ये असतील तर ती चित्र म्हणून ठेवावी लागतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचना संस्थेने केलेले ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे फॉन्ट मोफत आणि खुल्या परवान्याचे आहेत. लहान पडद्यावर ‘मुक्त’ चांगला वाचता येतो.

बिल्ड आणि सादरीकरण

बिल्ड, म्हणजे इंजिनशिवाय चालणारी गेमची प्रत, पहिल्यांदा पाचव्या आठवड्यात काढा आणि इंजिन नसलेल्या संगणकावर चालवून पाहा. त्यानंतर दर शुक्रवारी एक बिल्ड. ब्राउझरमध्ये चालणारा गेम परीक्षकांपर्यंत आणि नातेवाइकांपर्यंत सहज पोहोचतो, पण त्याचा निर्णय आधीच घ्यावा लागतो: गोडोच्या चौथ्या आवृत्तीत ब्राउझरसाठी ‘कम्पॅटिबिलिटी’ ही चित्रणपद्धती निवडावी लागते आणि सी शार्प या भाषेत लिहिलेला प्रकल्प ब्राउझरसाठी काढता येत नाही. इच डॉट आयओ या गेम प्रकाशित करण्याच्या संकेतस्थळावर पान तयार करताना मुख्य एचटीएमएल फाइलचे नाव ‘इंडेक्स’ असलेला झिप चढवावा.

नाव शोधता येण्याजोगे असावे. ‘नारबॅक्युलर’ हा शब्द कोणत्याही शब्दकोशात नाही; इंटरनेटवर शोधल्यास फक्त आपलाच गेम सापडावा म्हणून तो मुद्दाम घडवलेला होता. ‘द जर्नी’ किंवा ‘युद्ध’ अशा नावाचा गेम शोधणाऱ्याला शंभर दुसऱ्या गोष्टी मिळतात.

सादरीकरणाच्या दिवशी दोन संगणकांवर बिल्ड, पेन ड्राइव्हवर तिसरी प्रत आणि सगळे बंद पडलेच तर दाखवायला दोन मिनिटांचे चित्रीकरण सोबत असावे. परीक्षकांना कोणत्याही लेव्हलीवर नेणारे गुप्त बटण ठेवा. गेमच्या शेवटी नामावलीत प्रत्येकाने नेमके काय केले ते लिहा: ‘प्रोग्रॅमिंग’ एवढे पुरेसे नाही, ‘उडी, शत्रूंची हालचाल, जतन करण्याची सोय’ असे लिहा. प्रकाशनापूर्वी संस्थेचा हक्कांविषयीचा नियम लेखी विचारून घ्या, कारण काही संस्थांत अभ्यासक्रमातील कामाचे हक्क संस्थेकडे राहतात. आणि गट पांगण्यापूर्वी संपूर्ण प्रकल्प, इंजिनच्या नेमक्या आवृत्तीच्या नोंदीसह, सर्वांच्या हाती राहील अशा दोन ठिकाणी साठवून ठेवा.